गुन्हा नको, दुकानही नको

मैत्रिणींनो, गांजाचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये दोनच सूर ऐकू येतात. गावातल्या बायका म्हणतात, कायदा आणखी कडक करा, ओढणाऱ्यालाही आत टाका. शहरातले काही सुशिक्षित मित्र म्हणतात, दारू चालते तर गांजा का नको, परवाने द्या, सरकारला महसूलही मिळेल. मला हे दोन्ही सूर बायकांच्या हिताचे वाटत नाहीत.

आधी ही बंदी आली कुठून ते पाहू. गांजा आपल्याकडे परका नाही. बैराग्याची चिलीम आणि शिवरात्रीची भांग सगळ्यांनी पाहिली आहे. १८९३ साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हजारावर साक्षी घेऊन आयोगाने निष्कर्ष काढला की, बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण पुरे. त्या करात सरकारचा स्वार्थ होता, हेही विसरू नये. पुढे १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा हेरॉइनच्या पंगतीला बसवला गेला. परंपरेने वापर असलेल्या देशांना तो थांबवण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९८५च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत विधेयक आले, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून एनडीपीएस कायदा लागू झाला. इतक्या कडक कायद्याला तीन महिनेसुद्धा लागले नाहीत! ज्यांच्या घरात तो शिरणार होता, त्या बायकांना कोणी विचारले?

या कायद्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. नुसती पाने गांजा नव्हेत. म्हणजे एकाच झाडाचा शेंडा केंद्राच्या कायद्याने गंभीर गुन्हा, आणि पाने राज्याच्या अबकारी कायद्यावर सोपवलेली. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. घरचा कायदा मात्र होता तसाच राहिला.

आता दारूकडे पाहू. दारू कमी घातक म्हणून कायदेशीर आहे का? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि भांग धरून गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी. नवऱ्याच्या दारूपायी मार खाल्लेली बाई आपल्या प्रत्येक गटात आहे. तरीही दारूला परवाना मिळतो, कारण दारूमागे कारखाना आहे, कारखान्यामागे संचालक मंडळ आहे आणि त्यामागे सत्ता आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा सहकारी साखर कारखानदारीचा जिल्हा. साखरेच्या मळीपासून मद्यार्क होतो, त्यावर राज्याची तिजोरी भरते. गांजाच्या झाडामागे असा कोणी वाली नाही. थोडक्यात, काय गुन्हा आणि काय धंदा हे ठरवताना बाईच्या पाठीवरचे वळ मोजले जात नाहीत.

आणि परवाना म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमल गावात निवडणुकीच्या जेवणावळीत विषारी दारूने माणसे मेली. ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या उपाहारगृहात तयार होत होती, असे तपासात निघाले. गावोगावी परवान्याची दुकाने असताना हे घडले. म्हणून ‘गांजा कायदेशीर केला की काळाबाजार आपोआप संपेल’ असे जे सांगतात, त्यांनी एकदा पांगरमलच्या विधवांसमोर उभे राहून सांगावे.

मग कायदा कडक करावा का? तो कोणावर पडतो ते पाहा. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ सालच्या अशा खटल्यांचा एका संस्थेने अभ्यास केला. जवळजवळ सगळे खटले व्यापाऱ्यांवरचे नव्हते, स्वतः सेवन करणाऱ्यांवरचे होते. त्यातही बहुतेक गांजाचे, आणि आरोपी मुख्यतः हातावर पोट असणारे. माल पिकवणारा, पुरवणारा, त्यात पैसा घालणारा बाहेरच राहतो.

पुरुष आत गेला की वकिलाची फी, तारखांचा खर्च, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, हे सारे बाईच्या डोक्यावर येते. ज्या घरातून मारहाणीची तक्रार आणायलाही बाई कचरते, त्या घरात गांजासाठी पोलीस आले तर ती तोंड उघडेल कशी? व्यसन लपवण्याचे काम कायदाच तिच्यावर टाकतो.

त्याहून गंभीर गोष्ट जमिनीची. सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण वर्षानुवर्षे झगडलो. आता या कायद्याचे कलम ४६ वाचा. आपल्या जमिनीत गांजाची झाडे बेकायदा लावली आहेत हे माहीत असून जमीनधारकाने कळवले नाही, तर तोही शिक्षेस पात्र. कलम २५ प्रमाणे घर किंवा जागा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाराही दोषी. आणि कलम ३५ सांगते की, आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे. कपाशीत किंवा तुरीत नवऱ्याने चार झाडे लावली, सातबारा बायकोच्या नावे, तर ‘मला माहीत नव्हते’ हे तिने सिद्ध कसे करावे? आणि माहीत असले तरी नवऱ्याविरुद्ध पोलिसांत जाऊन त्याच घरात परत राहण्याची सोय या कायद्याने केली आहे का?

गांजा निरुपद्रवी आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कोवळ्या वयात लागलेली सवय अभ्यास आणि काम बिघडवते, काहींना मनोविकाराकडे ढकलते. पण आजाऱ्याला तुरुंग बरे करत नाही. राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात. ज्या बायकांनी आयुष्यभर मार खाल्ला, त्यांनी मारावर उभा राहिलेला सुधार का मान्य करावा?

परवान्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी थायलंडकडेही पाहावे. तिथे २०२२ साली गांजा खुला केला, दुकानांचे पेव फुटले, आणि २०२५ साली तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. उलट पोर्तुगालने २००१ साली वेगळा रस्ता धरला. विक्री गुन्हाच ठेवली. स्वतःपुरता साठा बाळगणाऱ्याला मात्र फौजदारी खटल्याऐवजी समुपदेशकांच्या समितीपुढे उभे केले. आपल्यालाही असाच मधला रस्ता हवा.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, स्वतःच्या सेवनापुरता गांजा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू नये. उपचाराला स्वतःहून जाणाऱ्याला खटल्यातून मुक्ती देणारे कलम ६४-अ आजही कायद्यात आहे. ते प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीत लावावे. दोन, प्रत्येक तालुक्याला सरकारी खर्चाने व्यसनमुक्तीची सोय व्हावी आणि तिथे बायकोसाठीही समुपदेशन असावे. तीन, जमीन किंवा घर केवळ नावावर आहे म्हणून बाईवर गुन्हा दाखल होऊ नये. चार, गांजाच्या विक्रीचे परवाने कोणत्याही कंपनीला देऊ नयेत.

आणि उद्या सरकारने महसुलासाठी दुकाने काढायचे ठरवलेच, तर? दारूच्या दुकानाबाबत २००८च्या आदेशाने आपल्याला मतपेटी दिली आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण तो हक्क दुकान उघडल्यानंतर, संसार मोडल्यानंतर मिळतो. गांजाच्या बाबतीत तो आधी हवा: बायकांच्या मताशिवाय एकही परवाना नाही.

नवऱ्याला तुरुंगात पाठवणारा कायदा आणि त्याच्या हाती चिलीम देणारे दुकान, दोन्हींची किंमत शेवटी आपणच मोजतो. पुढच्या गटबैठकीत हा विषय घ्या, या मागण्यांवर भांडा, त्यात भर घाला, आणि ठराव करून ग्रामसभेत मांडा.