अंगठा म्हणजे संमती नव्हे : गिरमिट ते पालेर्मो

१/८
मानवी तस्करीविरोधी कायद्यांचा इतिहास सहसा १९०४ च्या पॅरिस करारापासून सांगितला जातो. युरोपीय सत्तांनी केलेल्या त्या कराराचा विषय होता ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना परदेशी नेणे. त्याच वर्षांत कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून मजुरांनी भरलेली जहाजे उजळ माथ्याने निघत होती.

२/८
मॉरिशस, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथील मळ्यांवर १८३४ पासून दहा लाखांहून अधिक भारतीय नेले गेले. करार बहुधा पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले. देश किती दूर, काम कोणते, हे भरती करणारे अरकाटी धड सांगत नसत. मळ्यावर काम नाकारणे हा मात्र फौजदारी गुन्हा होता.

३/८
कायदा नव्हता असे नाही. १८८३ च्या कायद्याने अरकाट्यांना परवाना, अधिकाऱ्यासमोर नोंदणी आणि बंदरावर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी नेमून दिला होता. कागदोपत्री प्रत्येक मजूर स्वखुशीने जात होता. मग तक्रार कशाची करायची?

४/८
गोपाळ कृष्ण गोखले यांनी नेमक्या याच ‘स्वखुशी’वर बोट ठेवले. त्यांच्या १९१० च्या ठरावानंतर नाताळची भरती १९११ मध्ये बंद झाली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव मांडला. काम न केल्यास तुरुंग आहे, हे ज्याला सांगितलेच नाही, त्याचा करार स्वतंत्र माणसाचा करार कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी बहुमताने ठराव फेटाळला. १९१७ मध्ये भरती थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

५/८
आंतरराष्ट्रीय कायद्याला तेथवर पोहोचायला आणखी बराच काळ लागला. १९२१ मध्ये ‘गोऱ्या’ हा शब्द गेला. १९४९ चा करारही वेश्याव्यवसायापुरताच राहिला. २००० च्या पालेर्मो मसुद्याने वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी त्यात आणली. बळ, फसवणूक किंवा अगतिकतेचा गैरफायदा असेल, तर पीडिताची संमती गैरलागू ठरली. भारताने २०११ मध्ये त्यास मान्यता दिली आणि २०१३ मध्ये दंडसंहितेचे कलम ३७० तसे बदलले.

६/८
तरीही एक उणीव राहिली. तस्करीला गुन्हा ठरवणे राष्ट्रांवर बंधनकारक आहे; पीडितांना निवारा, उपचार, रोजगार देण्याचा मात्र त्यांनी ‘विचार करावा’, एवढेच मसुदा म्हणतो. सुटून आलेल्या माणसाला म्हणूनच अनेकदा आधी व्हिसा विचारला जातो, हकिकत नंतर.

७/८
म्यानमार आणि कंबोडियातील सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेले भारतीय तरुण हे याचे आजचे उदाहरण. नोकरीच्या जाहिरातीला भुलून ते स्वतःच विमानात बसले. त्यांची ‘स्वखुशी’ गिरमिटियाच्या अंगठ्याहून वेगळी नाही. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पदही १९८३ च्या कायद्याने आजवर टिकवले आहे. पण पर्यटक म्हणून सीमा ओलांडणारा मजूर त्याच्या नजरेस पडतच नाही.

८/८
सही कोणी केली, एवढ्यावर कायद्याने थांबू नये. निघण्यापूर्वी काय सांगितले गेले आणि पोहोचल्यावर ‘नको’ म्हणून परत फिरता येत होते का, हे दोन प्रश्न त्याने आधी विचारावेत. गोखल्यांनी ते १९१२ मध्येच विचारले होते.