ऑक्टोबरचा पाऊस, भातकापणी आणि दिवाळीतला ताप : कोकणासाठी यंदाच्या अंदाजाचा अर्थ

भारतीय हवामान विभागाने ३० सप्टेंबरला ऑक्टोबर २०२५ चा अंदाज जाहीर केला. देशात या महिन्यात सरासरीच्या ११५ टक्क्यांहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता त्यात वर्तवली आहे. पाठोपाठ अरबी समुद्रात ‘शक्ती’ चक्रीवादळ तयार झाले, किनारपट्टीला इशारे गेले आणि मोबाइलवर खऱ्याखोट्या संदेशांचा पूर आला. वादळ किनाऱ्यापासून लांब पश्चिमेकडे गेले आणि समुद्रातच विरले. आता दवाखान्यात आलेला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "डॉक्टर, टळलं ना एकदाचं?"

वादळ टळले, हे खरे. पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या घरांसाठी या अंदाजातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे.

आधी ११५ टक्क्यांबद्दल. हा आकडा संपूर्ण देशाचा आहे. देशाची ऑक्टोबरची सरासरी ७५.४ मिलिमीटर. तुमच्या गावात किती पडेल हे त्यावरून कळत नाही. कोकणातला ऑक्टोबरचा पाऊस जुलैसारखा लागून राहत नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घामाच्या धारा, चारनंतर गडगडाट आणि तासभर सर. शेजारच्या गावात थेंबही नसतो. म्हणून महिन्याच्या अंदाजावरून फक्त तयारी ठरवावी. रोजचे काम मात्र जिल्ह्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा बघूनच करावे.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती या ‘पडतो-थांबतो’ पावसाची. सलग मुसळधार पावसात डबक्यांतल्या डासांच्या अळ्या वाहून जातात. थांबून थांबून पडणाऱ्या पावसात पाणी साचते, उन्हाने कोमट होते आणि सात ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्या डासाने डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या अंगात वाढायला साधारण आठ ते बारा दिवस, आणि पुढच्या माणसाला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणजे आजच्या सरीचा हिशेब तीन-चार आठवड्यांनी येतो. तोवर "पाऊस तर कधीच गेला" असे आपण म्हणत असतो.

लेप्टोचे गणित

यंदा मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच पोहोचला, नेहमीपेक्षा पंधरा दिवसांहून अधिक लवकर. तेव्हापासून जमीन ओलीच आहे. त्यात ऑक्टोबरमध्येही सरी येत राहिल्या तर भातकापणी चिखलात होणार. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात, आणि पायाच्या भेगेतून किंवा विळ्याच्या छोट्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, क्वचित महिनाभरानेही.

आता तारखा मांडून बघा. १२ ऑक्टोबरला शेतात उतरलेल्या माणसाला ताप येण्याची शक्यता १७ ते २६ ऑक्टोबर या दिवसांत सर्वाधिक. नरकचतुर्दशी २० तारखेला आहे, भाऊबीज २३ ला. घरात पाहुणे, गावातला दवाखाना बंद, आणि घरचा कर्ता माणूस "दगदग झाली असेल" म्हणून अंगावर ताप काढतोय. मुंबईचे चाकरमानी कापणीला दोन दिवस हातभार लावून परत जातात. त्यांना ताप येतो तो डोंबिवलीत किंवा विरारमध्ये. तिथल्या डॉक्टरांना हा माणूस गेल्या आठवड्यात चिखलात होता हे कुणी सांगितले नाही, तर ते कळणार कसे? तुम्ही सांगितलेले हे एक वाक्य रक्ततपासणीपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकते, कारण लेप्टोची अँटिबॉडीची तपासणी पहिले चार-पाच दिवस निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात.

ताप, डोके आणि पोटऱ्या प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची सुरुवात. लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

चिखलात काम करणाऱ्या प्रौढांना आरोग्य केंद्रातून आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन देतात. गोळी जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. गोळी घेतली म्हणून लेप्टो होणारच नाही, असे समजू नका. गमबूट घालून भात कापणे अवघड आहे हे मला माहीत आहे. निदान जखमेवर पाणी लागणार नाही अशी पट्टी लावा आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवा.

एक कळकळीची विनंती. अंग ठणकतेय म्हणून दुखण्याची सुई मागू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी डेंग्यूमध्ये रक्तस्राव वाढू शकतो आणि लेप्टोमध्ये आधीच त्रासलेल्या किडनीवर आणखी ताण येतो. ताप नेमका कशाचा हे कळेपर्यंत पॅरासिटामॉल पुरे. हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र ती परस्पर बंद करू नये. ताप आल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

डेंग्यूत घरचे लोक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात. खरा धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. ताप गेला, पण पोट खूप दुखतेय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतेय, माणूस सुस्त पडलाय, तर प्लेटलेट कितीही असोत, रुग्णालय गाठा.

आणि ऊन

परतीचा पाऊस गेला की ऑक्टोबर हीट असतेच. थर्मामीटरवर ३४ अंशच दिसतात, पण हवेत दमटपणा असल्याने घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. सागरी किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त लागते. त्यामुळे लाट जाहीर झालेली नसतानाही शेतात माणूस चक्कर येऊन पडू शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना उठताना अंधारी येत असेल तर प्रेशर मोजून घ्यावे. डोस कमी करायचा का ते डॉक्टर ठरवतील. कापणी सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत थांबवता आली तर उत्तम. सोबत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ठेवा. मधुमेह असेल तर साखरेऐवजी ताक चालेल.

विजांचा इशारा असेल त्या दुपारी कापलेले भात भिजेल या भीतीने लोक शेतात थांबतात, आडोसा म्हणून झाडाखाली जातात. पहिला गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा. पेंढ्या उचलतानाही हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. फुरसे आणि विंचू याच दिवसांत तिथे दडलेले असतात. साप चावला तर जखम कापू नका, आवळपट्टी बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता थेट प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्या. विंचू चावून घाम सुटला, हातपाय गार पडले तर तेही तितकेच तातडीचे समजा. त्यावर प्राझोसिन हे औषध आहे, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे ते कोकणातल्या डॉक्टरांना चांगले परिचयाचे आहे. जवळच्या कोणत्या केंद्रात ही औषधे आहेत आणि दिवाळीच्या दिवसांत तिथे डॉक्टर कोण असतील, हे कापणी सुरू होण्याआधीच आशाताईंना विचारून ठेवा.