गावरान, पण कशावरून?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या कोल्हापूरकराला बोकडातले सगळे कळते. मांडीचे किती, चॉप किती, चरबी किती ठेवायची, अळणीसाठी हाडे कुठली, हे तो कापणाऱ्याला उभ्या उभ्या सांगतो. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर भडकले, तेव्हा याच शहराने कृती समिती काढून आंदोलन केले होते. असा हा चोखंदळ माणूस कोंबडी आणि अंडी घ्यायला गेला की मात्र एका शब्दावर विसंबतो. ‘गावरान आहे’ असे दुकानदाराने म्हटले, की दुप्पट पैसे मोजून तो निश्चिंत मनाने घरी येतो.

जरा हिशेब करून पाहू. अस्सल देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पोल्ट्रीतली लेगहॉर्न तीनशेच्या आसपास देते. म्हणजे एखाद्या दुकानदाराला बारा महिने रोज ३० गावरान अंड्यांचा फक्त एक ट्रे विकायचा असेल, तर त्याच्यामागे दीडशेच्या आसपास देशी कोंबड्या हव्यात. शहरात रोज असे किती ट्रे खपतात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीतल्या दुकानावरून ताडावे. या नावाखाली बरेचदा गिरिराज, वनराज, कावेरी, डीपी क्रॉस अशा सुधारित जातींचे पक्षी येतात. त्यात वाईट काही नाही. गिरिराज बेंगळुरूच्या पशुवैद्यकांनी आणि वनराज हैदराबादच्या संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच तयार केली. पण ती परसात वाढली की शेडमध्ये कोंडून, हे तिच्या रंगीत पिसांवरून कळत नाही. अंड्याच्या तपकिरी कवचावरूनही काही कळत नाही, कारण तो रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. पिवळा बलक गडद हवा, तर खाद्यात मका किंवा झेंडूच्या फुलांचा अर्क घातला की झाले.

दुसरीकडे ब्रॉयलरबद्दलची भीतीही भलत्याच गोष्टीला चिकटली आहे. ‘इंजेक्शन देऊन फुगवतात, त्यात हार्मोन असतात’ हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येते. चाळीस दिवसांत दोन किलोंचा पक्षी तयार होतो, त्याचे कारण पिढ्यान्‌पिढ्यांची निवड-पैदास आणि भरपूर प्रथिनांचे खाद्य. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिले त्यांनी शेजारी शेजारी, एकच खाद्य देऊन वाढवली. ५६ दिवसांनी पहिल्याचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, दुसऱ्याचे १,८०० ग्रॅम आणि तिसऱ्याचे ४,२०० ग्रॅम भरले. हार्मोन कुणालाच दिले नव्हते. शिवाय हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून सुई टोचत बसणे कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल?

खरी काळजी अँटिबायोटिक्सची आहे. आजारी पक्ष्याला औषध देणे वेगळे आणि सगळ्या कळपाला वजन वाढावे किंवा रोग येऊच नये म्हणून खाद्यातून थोडे थोडे देत राहणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारात कमकुवत जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात, वाढतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये राजधानी परिसरातल्या कोंबडीच्या ७० नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे तर अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरल्यावर वापरायचे औषध. तेही कोंबड्यांना दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. युरोपीय संघाने वजनवाढीसाठीची अँटिबायोटिक्स २००६ पासूनच बंद केली आहेत.

आम्ही कोंबडी खातच नाही, असे म्हणणाऱ्या माळकऱ्यांचीही यातून सुटका नाही. पोल्ट्रीचे कोंबडी-खत आपल्याकडे ट्रॉल्या भरभरून उसाला आणि भाजीपाल्याला जाते. शेडमधले चिवट जंतू त्या खताबरोबर शेतात, पाटात आणि पुढे ओढ्यात उतरू शकतात. खत नीट कुजवून वापरले तर धोका कमी होतो.

मग मोकळी फिरणारी कोंबडी सुरक्षितच का? तेही कुठे फिरते त्यावर आहे. कोंबडी माती उकरून खाते, त्यामुळे मातीत जे असेल ते अंड्यात उतरते. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये नागरिकांना हौसेने पाळलेल्या घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असा सल्ला दिला, कारण त्यांत पीएफएएस ही न विघटणारी रसायने जास्त आढळली. चंदगड-आजऱ्याच्या एखाद्या वाडीवर रानात चरणारी कोंबडी आणि शहराच्या कडेला प्लॅस्टिक जळणाऱ्या उकिरड्यावर चरणारी कोंबडी दोन्ही ‘गावरान’च. आमच्या मते दुसरीपेक्षा नीट ठेवलेल्या शेडमधली कोंबडी बरी.

पोषणाचे म्हणाल तर प्रथिनांत फरक जवळपास नाही. मध्यम आकाराच्या कोणत्याही अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व काहीसे अधिक सापडते. चव मात्र वेगळी लागते, आणि तिला कारण आहे. जास्त दिवस जगलेल्या, पळालेल्या पक्ष्याच्या मांसात कोलॅजेन अधिक असते, ते मंद आचेवर विरघळून रस्सा दाट होतो. पण चवीसाठीचे हे पैसे ज्या घराला परवडत नाहीत, त्या आईने ‘पोल्ट्रीचे नको’ म्हणून लेकराचे अंडेच बंद करू नये. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागाकडे बोट दाखवले. कितीतरी मुलांच्या ताटात साधे पांढरे अंडेही नाही, हे विसरून गावरानचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

शेळ्या-मेंढ्यांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आपल्या भागातले बोकड आणि धनगरांची मेंढरे बहुतांशी रानातच चरतात. तिथे विचारायचे ते एवढेच, की जनावर कापण्यापूर्वी तपासले होते का, आणि जंताचे किंवा इतर औषध दिल्यानंतर ठरलेले दिवस थांबले होते का.

कोंबडीवाल्यालाही रंग विचारण्यापेक्षा हेच विचारावे: पक्षी कुठल्या गावातून येतात, खाद्य काय असते, शेवटचे औषध कधी दिले? पहिल्यांदा तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की उत्तर शोधून आणेल. घरी कच्ची कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नये, तुषारांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. कोशिंबिरीची विळी आणि मटणाची सुरी वेगळी ठेवावी. मांस आतपर्यंत शिजवावे. मात्र शिजवल्याने जंतू मरतात, औषधाचे अंश पूर्ण जातातच असे नाही. म्हणून विचारणे टाळता येत नाही.

आणि तपासणीची सवय या जिल्ह्याला नवी नाही. १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ उभा राहिला. आज गावोगावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ किटलीतल्या दुधाची फॅट लागते आणि त्यावर दर ठरतो. ‘माझी म्हैस चांगली आहे’ एवढ्या शब्दावर कुणी पैसे देत नाही. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बायकांची अंडी बचत गटांमार्फत गोळा व्हावीत, त्यांवर गावाचा आणि तारखेचा शिक्का पडावा, अधूनमधून नमुने प्रयोगशाळेत जावेत, ही व्यवस्था पशुसंवर्धन विभाग आणि जिल्हा परिषद मिळून एका तालुक्यात तरी सुरू करू शकतात. अन्न व औषध प्रशासनाने शहरातल्या कोंबडी-अंड्यांच्या तपासणीचे निकाल दर तिमाहीला जाहीर करावेत. आज गावरानच्या नावाने गिऱ्हाईक जे जादा पैसे मोजते, त्यातले किती त्या वाडीवरच्या बाईच्या पदरात पडतात, हेही मग कळेल.