इंजिनाची होडी कीं वल्ह्याची?

भिगवणच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहावयास जाण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे, व त्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. तक्रार आहे ती पाहण्याच्या रीतीविषयीं. इंजिनाची होडी थव्याच्या अगदीं अंगावर न्यावयाची, पक्षी घाबरून उडाले म्हणजे छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि तासाभरांत परतावयाचें, यास पक्षिनिरीक्षण म्हणावें काय?

भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें, नदीचें पाणी मागें पसरलें व कित्येक गांवें त्याखालीं गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ पाणी ओसरलें म्हणजे वर डोकावतें. ज्यांचीं शेतें बुडालीं त्यांचें दुःख दोन ओळींत सांगण्याजोगें नाहीं. परंतु त्याच उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांस अन्न मिळूं लागलें. वांकडी चोंच उलटी धरून हा पक्षी चिखलाचें पाणी गाळतो व बारीक जीव आणि शेवाळ वेंचतो. त्याची लालीहि याच अन्नांतून येते. त्याला एकदम उडतां येत नाहीं, पाण्यावर कांहीं पावलें धांवावें लागतें. दिवसांतून दहा वेळां त्यास असें धांवावयास लावणें म्हणजे दहा वेळां त्याच्या पुढचें ताट ओढणें होय.

गेल्या माघांत आम्ही चार मित्र दोन कयाकांतून या पाण्यावर गेलों व एक रात्र कांठावर राहिलों. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी; सीलच्या कातड्याची, सावजास चाहूल लागूं नये अशी बेतलेली. आतां ती प्लास्टिकची असते, परंतु गुण तोच: वीतभर पाण्यांत चालते आणि आवाज करीत नाहीं. सोबतीस आपल्या होडींत एक वृद्ध भोईकाका होते. जाळीं कोठें टाकलीं आहेत हें त्यांनींच दाखविलें. (वल्हें जाळ्यांत अडकून तें फाटलें तर एका कुटुंबाची त्या दिवसाची मिळकत बुडते, हें शहरी हौशी मंडळींच्या ध्यानांतहि येत नाहीं.) तंबू गाळपेरींत ठोकण्यास त्यांनीं साफ मनाई केली. "पोरांनो, तें पेरलेलं रान आहे, वर माळावर चला."

रात्रभर हिमालयापलीकडून आलेल्या पट्टकादंबांचे आवाज कानीं येत होते. पहांटे धुक्यांत थवा शंभर-दीडशें हातांवर दिसला. वल्हीं मांडीवर ठेवून आम्ही तासभर बसलों. एकहि पक्षी उडाला नाहीं. चोंचींतून पाणी गाळण्याचा बारीक चुळचुळ आवाज मात्र सारखा ऐकूं येत होता. इंजिनाच्या होडींतून तो कोणास कधीं ऐकूं येईल असें वाटत नाहीं. छायाचित्रें फारशीं चांगलीं आलीं नाहींत.

पाण्यास वासहि होता. मुळा-मुठेच्या वाटेनें पुण्याचें सांडपाणी येथें येतें, त्यावर जलपर्णी माजते. पिण्याचें पाणी आम्हांस घरून न्यावें लागलें. नदीकांठीं राहून नदीचें पाणी तोंडास लावतां येऊं नये, ही गोष्ट पुस्तकांत वाचणें निराळें आणि तहान लागलेली असतां अनुभवणें निराळें.

पालक म्हणतील, मुलांस पाण्यावर रात्र काढूं द्यावयाची कशी? ही भीति पोकळ नाहीं. 21 मे 2024 रोजीं कुगांवाहून कळाशीस निघालेली होडी याच जलाशयांत वादळी वाऱ्यानें उलटली व 6 जण बुडाले. म्हणूनच वळवाचे महिने वर्ज्य करावे, तरण्याचें जाकीट क्षणभरहि उतरूं नये, कांठ सोडूं नये, आणि पाण्याचा माहीतगार सोबत असल्यावांचून निघूंच नये. परंतु मुळींच जाऊं न देणें हा उपाय आम्हांस मान्य नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीस भोपळ्यांची सांगड पाठीस बांधून विहिरींत सोडीत. पाण्याचें भय व पाण्याची ओळख त्यांस एकदमच होत असे.

होडीवाल्यांस दोष देणेंहि सोपें आहे. त्यांचें पोट त्यावर आहे. भोईकाकांस आम्हीं हा प्रश्न विचारला, तेव्हां ते विडी विझवीत म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतं उडवा, म्हणून पोरं उडवतात. लांब उभं करून तेवढेच पैसे द्या कीं, आमचं तेलहि वांचेल."