योकोहामाची सोसायटी आणि आपल्या घराची चौकट

वाचकहो, सोसायटीचे सभासदत्व म्हणजे काय, हे तुम्हांला मी काय सांगणार? भाग घ्यायचा, पावती जपायची, वार्षिक सभेला जाऊन बसायचे. भाग कुणाचे कितीही असोत, मत एकालाच एक. आज अशा एका सोसायटीची हकीकत सांगतो, जिचा सभासद आपला अख्खा देश आहे.

जपानात योकोहामा नावाचे बंदर आहे. तिथे १९८६ पासून आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेची कचेरी आहे. नाव ऐकून दम लागतो, पण काम समजण्यासारखे आहे. उष्ण मुलखातल्या जंगलांचे लाकूड विकणारे देश आणि ते घेणारे देश १९८३ च्या कराराने एका बैठकीवर आले. जंगल टिकावे आणि लाकडाचा व्यवहारही चालावा, हा हेतू.

मतांचा हिशेब मात्र आपल्या सोसायटीसारखा नाही. जंगलवाल्या देशांना मिळून १००० मते आणि घेणाऱ्यांना मिळून १०००. जंगलवाल्यांच्या हजारातली ४०० मते आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेकडच्या भागांत सारखी वाटतात, ३०० ज्याचे जंगल जितके त्या मानाने, आणि उरलेली ३०० बाहेर लाकूड किती विकले त्यावर. म्हणजे झाड उभे ठेवले तरी मत, तोडून विकले तरी मत! वर्गणीही मतांच्या मानाने. थकबाकीदाराचा मताचा हक्क स्थगित होतो. एवढे मात्र आपल्यासारखेच.

या संघटनेने २००० सालापर्यंत बाहेर जाणारे सगळे लाकूड नीट राखलेल्या जंगलातलेच असेल, असे ठरवले होते. ते साधले नाही. २००६ साली तिनेच पाहणी छापली, तेव्हा कायम राखायच्या जंगलापैकी शंभरात पाच हिस्सेसुद्धा नीट सांभाळलेले निघाले नाहीत. आपले अपयश आपणच छापले, याचे मला कौतुक वाटते. किती संस्थांच्या अहवालात असे सापडते?

तुम्ही म्हणाल, गेवराईला याचे काय? इकडे कापूस, ऊस, मोसंबी; जंगल पाहायला लांब जावे लागते. बरोबर आहे. पण घर बांधायला काढा. चौकटीला साग हवा म्हटले की सुतार विचारतो, देशी की बाहेरचा? पूर्वी बाहेरचा म्हणजे ब्रह्मदेशचा. त्या देशाने २०१४ साली ओंडके बाहेर धाडणे बंद केले. आता आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेकडून साग येतो. आणि गंमत पाहा, योकोहामाच्या बैठकीत भारत बसतो जंगलवाल्यांच्या ओळीत, कारण आपल्याकडे उष्ण मुलखाचे जंगल आहे. व्यवहारात मात्र लाकूड घेणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत. आपल्या दारासाठी कुणाच्या रानात कुऱ्हाड पडली, हे त्या दाराकडे पाहून कळत नाही.

पूर्वी आपले औत, तिफण, गाडीची साटी बांधावरच्या बाभळीतून निघे. ट्रॅक्टर आला, आणि बाभळीची सावली पिकाला नडते म्हणून बांध मोकळे झाले. सावलीची तक्रार खोटी नाही. जमीन दोन एकर असेल तर एक ओळ पीकही मोलाचे असते. म्हणून शेताला सावली कमी पडेल अशा, उत्तरेच्या बांधाला लावा. साग लावणार असाल तर धीर धरा, ते नातवाचे काम आहे.

एक गोष्ट विसरू नका. साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ चा कायदा आहे. तेव्हा लावल्यावर सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात. घरातल्या पोराच्या हातात मोबाईल असतोच, त्याला बांधावर घेऊन जा.