पहिल्याच दिवसाची प्रत

विंडोज १० ह्या संगणक-प्रणालीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तेव्हांपासून अंधेरी-बोरिवलीकडे काय, किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, जुना संगणक पुसून त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविल्याच्या वार्ता आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतों. कारागीर येतो, अर्धा दिवस खपतो, आपली मजुरी घेऊन जातो. आणि यंत्र चालूं लागलें म्हणजे काम संपलें असें घरची मंडळी समजतात. आमचें मत याहून निराळें आहे. नव्या प्रणालीची एक पूर्ण प्रत काढून ती पुनः बसते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तें काम संपलें असें आम्ही मानीत नाहीं. आणि हें सर्व त्याच दिवशीं झालें पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

“ज्या यंत्रांत अद्याप कांहींच ठेविलें नाहीं, त्याची प्रत ती कसली?” असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न वरकरणी रास्त आहे. परंतु त्या दिवशीं यंत्रांत कांहींच नसतें, हें खरें नव्हे. छपाईयंत्राची जोडणी झालेली असते, मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक बसविलेला असतो, सुरक्षिततेच्या सुधारणा उतरवून घेतलेल्या असतात, लिहिण्याचीं व हिशेबाचीं साधनें मांडलेलीं असतात. मूळ प्रणाली इंटरनेटवरून पुनः आणतां येते. ही मांडणी मात्र पुनः हातानेंच करावी लागते. प्रवेश-अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीं यंत्र बसलें, तर तो अर्धा दिवस कोठून आणावयाचा?

प्रत काढण्याचा विधि कठीण नाहीं. क्लोनझिला नांवाचें विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवर घ्यावें व त्यावरून संगणक सुरू करावा. तें साधन तबकडीचा वापरांतील तेवढाच भाग सामान्यतः उचलतें आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर लिहून ठेवितें. नव्या यंत्रांत हा भाग लहान, म्हणून प्रतहि लहान व काम थोड्या वेळाचें. शिवाय पहिल्या दिवसाची प्रणाली निर्मळ असते; पुढें एखादा विषाणु यंत्रांत शिरला, तर त्यानंतरच्या प्रतींतहि तो निमूटपणें जाऊन बसतो. विंडोजची तबकडी कुलूपबंद केलेली असल्यास तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून जपावी, हें सांगणें नलगे.

पण आमच्या आग्रहाचें मुख्य कारण दुसरेंच आहे. प्रत काढणें हें अर्धें काम. ती परत बसणें हें उरलेलें अर्धें. ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तो तयार होत असतां, १९९८ मध्यें, अमेरिकेंतील पिक्सार संस्थेंत एका चुकीच्या आज्ञेनें त्याचें बरेंचसें काम पुसलें गेलें. राखीव प्रती होत्या. पण प्रसंग येतांच त्या सदोष निघाल्या. गॅलिन ससमन ह्या बाई मूल लहान असल्यामुळें घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून तें काम वांचलें. प्रत आहे अशी समजूत असणें निराळें, आणि प्रत असणें निराळें.

ही परीक्षा मग केव्हां करावी? प्रत बसवितांना तबकडीवरील सारें पुसलें जातें. भरलेल्या यंत्रावर असा प्रयोग करण्यास कोणाचा हात धजेल? पहिल्या दिवशीं मात्र, जुनीं चित्रें व कागदपत्रें परत घालण्यापूर्वीं, पुसलें जाण्यासारखें अर्ध्या दिवसाच्या श्रमाखेरीज कांहींच नसतें. प्रयोग फसला तरी हानि अल्प, आणि कारागीर तर घरांतच असतो. असा निर्भय दिवस त्या यंत्राच्या आयुष्यांत पुनः येत नाहीं. तो व्यर्थ दवडूं नये.

सिद्ध झालेली प्रत यंत्राशेजारीं ठेवणेंहि बरें नव्हे. २६ जुलै २००५ च्या पर्जन्याची आठवण पालकांस असेलच. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळीं कुलाब्यास शंभर मिलिमीटरहि भरला नाहीं. अशा दिवशीं तळमजल्यावरील संगणक आणि त्याच्या खालच्या खणांतील प्रत हीं दोन्ही एकदमच भिजतात. कुलाब्याच्या मावशीकडे ठेविलेली प्रत कोरडी राहते. आणि पहिल्या दिवसाची प्रत ही पहिल्या दिवसाचीच होय; पुढें लिहिलेले निबंध व काढलेलीं चित्रें ह्यांच्या प्रती वेळोवेळीं निराळ्या काढाव्या लागतातच.

ह्या विषयांत आम्हांस एका जुन्या ग्रंथाचें स्मरण होतें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ गोव्यांत १६१६ मध्यें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. दूर मंगळूरकडे भाविकांनीं हातानें उतरून जपलेल्या प्रती होत्या, म्हणूनच १९०७ मध्यें तें मंगळुरास पुनः छापतां आलें. मूळ ग्रंथ धडधाकट असतांनाच ज्यांनीं तो उतरून घेतला, त्यांची दूरदृष्टि आपण घ्यावी.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मजुरी हातावर ठेवण्यापूर्वीं कारागिरास विचारावें, “भाऊ, प्रत काढलीत का? आणि ती बसवून दाखविलीत का?” दोहोंचें उत्तर ‘होय’ आलें, तरच काम पुरें झालें असें समजावें.