काळा रंग म्हणजे दुःख नव्हे



‘मुलाने चित्रात काळा रंग वापरला, की त्याच्या मनात काहीतरी खुपते आहे असे समजावे,’ हे गेल्या अंकातील एका पत्रातले विधान मला घातक वाटते. बर्किट, बॅरेट आणि डेव्हिस या ब्रिटिश संशोधकांच्या २००३ मधल्या अभ्यासात ४ ते ११ वर्षांच्या मुलांनी चांगल्या पात्राला आपला आवडता रंग दिला, वाईटाला नावडता. म्हणजे आधी त्या मुलाची आवड कळायला हवी. आपल्याकडे तर बोरन्हाणाला बाळाला काळे झबले घालतात, वर हलव्याचे दागिने! अशा घरातल्या मुलाला काळ्यात सण दिसला तर नवल काय? बालवाडीच्या शिक्षकांनी निदान करण्याच्या फंदात पडू नये. शेजारी बसून ‘हे कोण रे?’ एवढे विचारावे.

— एक वाचक, सातारा